उसातला बिबट्या आणि न दिसणारा उजेड

मागच्या हिवाळ्यात सेमिस्टरची परीक्षा संपवून मी गावी गेलो होतो. माझं गाव वढू बुद्रुक, तालुका शिरूर. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे नाव तुम्ही ऐकलेलं असेलच. गाव भीमेच्या काठावर, त्यामुळे पाणी आहे आणि पाणी आहे म्हणून ऊस आहे. आणि शिरूर तालुक्यात ऊस आहे म्हटलं की पुढचा शब्द हल्ली आपोआपच येतो, तो म्हणजे बिबट्या.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. दहाच्या पुढे काका पाणी धरायला निघाले, मीही त्यांच्याबरोबर गेलो. मोटर सुरू केली, पाणी सरीला लागलं आणि आम्ही बांधावर उभे राहिलो. समोर डोक्याच्या वर गेलेला ऊस. काकांनी बॅटरी मारली की पहिल्या दोन सऱ्या दिसायच्या, त्यापुढे नुसता काळोख. ओढ्याच्या बाजूला दोन दिवसांपूर्वी पंज्यांचे ठसे दिसले होते. पानं सळसळली की दोघंही गप्प व्हायचो.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "तू इंजिनिअर होतोयस ना? मग मला एक सांग. तो आपल्याला बघतो, आपण त्याला का बघू शकत नाही? टीव्हीवर दाखवतात तसा काळोखात दिसणारा कॅमेरा असतो ना, तो नक्की काय बघतो?"

मी "इन्फ्रारेड, काका" असं म्हणून मोकळा झालो. पण पुढच्याच प्रश्नाला अडकलो. "म्हणजे काय?"

मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या रात्री मला न देता आलेलं उत्तर आहे. अभ्यासक्रमात आपण हे किरण दोन ओळींत पार करतो. पण ज्याला त्या दोन ओळींवर रात्री उसात उभं राहायचंय, त्याला जरा जास्त सांगावं लागतं.

तांबड्याच्या पलीकडे

गोष्ट १८०० सालची. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल सूर्याचं निरीक्षण करताना वेगवेगळ्या रंगांच्या काचा वापरत होते. त्यांच्या लक्षात आलं की काही काचांतून उजेड कमी येतो पण ऊब जास्त जाणवते. मग त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून बघितला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा वाढत गेला. नंतर त्यांनी थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे ठेवला, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तिथे पारा आणखी वर चढला!

म्हणजे तिथे काहीतरी होतं. उजेडासारखंच वाकणारं, परावर्तित होणारं, पण न दिसणारं. त्यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो. 'अव' म्हणजे खालचा आणि 'रक्त' म्हणजे तांबडा. तांबड्या रंगापेक्षा यांची वारंवारता कमी, म्हणून अवरक्त. आपल्या डोळ्यांना साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापुढे ०.७ पासून जवळजवळ १००० मायक्रॉनपर्यंत अवरक्ताचं राज्य आहे. त्याच्याही पुढे मायक्रोवेव्ह आणि रेडिओ लहरी लागतात, ज्या टिपायला आपल्याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदला मोठ्या दुर्बिणी उभ्या आहेत. आपल्याला दिसणारा पट्टा या सगळ्या पसाऱ्यात किती लहान आहे बघा. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकीही जवळपास निम्मी अवरक्तच असते. दुपारच्या उन्हाचा चटका आपल्याला कळतो, पण त्यातली निम्मी गोष्ट डोळ्यांच्या हिशोबात धरलेलीच नसते.

प्रत्येक वस्तू चमकते

आता मुख्य मुद्दा. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. आधी काळं, मग लालभडक, मग पिवळसर. तापमान वाढलं की चमक वाढते आणि रंगही बदलतो. पण 'काळं' असताना ते चमकत नाही, ही आपली समजूत चुकीची आहे. ते तेव्हाही चमकत असतं, फक्त अवरक्तात.

कुठली वस्तू कुठल्या तरंगलांबीला सर्वांत जास्त चमकते, हे वीनच्या नियमाने काढता येतं. सूत्र अगदी सोपं आहे:

तरंगलांबी (मायक्रॉनमध्ये) = २८९८ ÷ तापमान (केल्विनमध्ये)

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन. भागाकार केला की ०.५ मायक्रॉन येतं, म्हणजे दिसणारा प्रकाश. आपली कातडी ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०५ केल्विन. उत्तर येतं ९.५ मायक्रॉन. डोळ्यांच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे.

किती चमकते, हे स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम सांगतो. दर चौरस मीटरमागे बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ३०५ केल्विनला ती येते सुमारे ४९० वॉट. माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास धरलं, तर आपण प्रत्येक जण आठशे वॉटच्या वर ऊर्जा बाहेर फेकत असतो. दचकू नका! आजूबाजूच्या भिंती, जमीन, झाडं हीसुद्धा आपल्याकडे तशीच ऊर्जा फेकत असतात. २० अंशांच्या खोलीत उघड्या अंगाने बसलात तर वजाबाकी करून खरा तोटा साधारण १२० वॉटचा उरतो. थंडीत घोंगडी पांघरतो ती हा तोटा कमी करायलाच.

तर काकांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं. काळोख फक्त आपल्या डोळ्यांना आहे. ऊस, माती, मोटरचा पाईप, काका, मी आणि तो बिबट्या, सगळे त्या रात्री चमकत होते. आपल्याकडे तो उजेड बघायचा डोळा नव्हता, एवढंच.

तसा डोळा निसर्गाने एकाला दिलाय. आपल्या सह्याद्रीत चापडा नावाचा हिरवा साप सापडतो. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. त्या खळग्यातल्या पातळ पडद्याला उंदराच्या अंगाची ऊब कळते. बिबट्याला मात्र ही देणगी नाही. त्याच्या डोळ्यामागे आरशासारखा थर असतो, त्यामुळे अगदी मंद उजेडही त्याला दोनदा वापरता येतो. बॅटरीत त्याचे डोळे चमकतात ते त्यामुळेच. म्हणजे तो उसातून आपल्याला बघतो ते चांदण्याच्या उजेडात. अवरक्ताचा त्यात काही संबंध नाही.

दोन कॅमेरे, दोन वेगळ्या गोष्टी

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, माझाही होत होता. 'नाईट व्हिजन' आणि 'थर्मल' या दोन गोष्टी एक नाहीत.

दुकानावर किंवा सोसायटीच्या गेटवर लावलेला सीसीटीव्ही रात्री काळं-पांढरं चित्र दाखवतो. त्याच्या भिंगाभोवती बारीक एलईडी असतात. त्या ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे दिसणाऱ्या पट्ट्याला अगदी लागून असलेला अवरक्त उजेड फेकतात. तो वस्तूवर आपटून परत येतो आणि साध्या सिलिकॉनच्या सेन्सरला दिसतो. म्हणजे ही बॅटरीच आहे, फक्त न दिसणारी. बॅटरी जेवढी लांब पोचेल तेवढंच दिसणार.

टीव्हीचा रिमोट याच जातीचा. त्यातली एलईडी ९४० नॅनोमीटरच्या आसपास, सेकंदाला बहुधा ३८००० वेळा उघडझाप करत आपला संदेश पाठवते. एवढी घाई कशाला? कारण खोलीत ऊन असतं, दिवे असतात, ते सगळेही अवरक्त फेकतात. ठरावीक वेगाने लुकलुकणारा उजेडच ओळखायचा असं टीव्हीला शिकवलं की गोंधळ होत नाही. घरी करून बघा. मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या टोकावर धरा आणि बटण दाबा. जांभळट ठिपका दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात गाळणी असल्यामुळे दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने बघा.

थर्मल कॅमेरा मात्र कुठलाही उजेड फेकत नाही. तो वस्तूने स्वतःहून सोडलेले ८ ते १४ मायक्रॉनचे किरण टिपतो. हाच पट्टा का? एक तर आपल्या रोजच्या तापमानाच्या वस्तू तिथेच जास्तीत जास्त चमकतात, हे वीनच्या सूत्रात आपण बघितलं. दुसरं म्हणजे हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बरेचसे अवरक्त किरण गिळून टाकतात, पण या पट्ट्यात हवेला खिडकी आहे.

या कॅमेऱ्याचं भिंग काचेचं चालत नाही, कारण साधी काच या किरणांना भिंतीसारखी आहे. ते जर्मेनियमचं करतात. आपल्याला ते धातूसारखं चकचकीत दिसतं, आरपार काही दिसत नाही, पण या किरणांना ते पारदर्शक. आणि आत सेन्सर म्हणून असतो मायक्रोबोलोमीटर. नाव मोठं, पण कल्पना साधी. सिलिकॉनच्या चिपवर व्हॅनेडियम ऑक्साइडचे बारीक पूल उभे केलेले असतात, प्रत्येक १२ ते १७ मायक्रॉनचा. किरण पडला की पूल किंचित तापतो, तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो. तो बदल मोजायचा, झालं चित्र. चांगला कॅमेरा ०.०५ अंशाचा फरकसुद्धा ओळखतो.

ड्रोन आकाशात गेल्यावर

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यात दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. त्यानंतर वनविभागाने त्या बिबट्याचा माग काढायला थर्मल ड्रोन वापरले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला गोळी घालण्यात आली. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बाया-माणसांच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी बघितल्या असतील.

ड्रोनला नक्की काय दिसतं, याचा हिशोब आपणच करू या.

समजा थंडीची रात्र आहे. जमीन १२ अंश. बिबट्याच्या अंगात ३८ अंशांची ऊब असली तरी केस ती आत धरून ठेवतात, म्हणून वरून त्याची कातडी २० अंशच दिसते असं धरू. २० अंशांना दर चौरस मीटरमागे सुमारे ४१८ वॉट आणि १२ अंशांना ३७४ वॉट. फरक ४४ वॉटचा. ८ अंशांचा हा फरक कॅमेऱ्याच्या ०.०५ अंशाच्या कुवतीपुढे १६० पट आहे. म्हणजे बिबट्या उघड्यावर असेल तर पडद्यावर पणतीसारखा दिसणार.

आता उंची. कॅमेऱ्याचा पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि भिंगाचं नाभीय अंतर १३ मिलिमीटर धरा. ६० मीटर उंचीवरून एक पिक्सेल जमिनीवरचा साडेपाच सेंटिमीटरचा चौकोन झाकतो. शेपटी सोडून सव्वा मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद बिबट्या म्हणजे साधारण १०० पिक्सेल झाले. ओळखायला पुरेसे. ६४० गुणिले ५१२ पिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका वेळी किती रान मावतं? सुमारे ३५ गुणिले २८ मीटर, म्हणजे दहा गुंठे! एक एकर बघायला चार चित्रं लागणार. ड्रोन दुप्पट उंच, १२० मीटरवर नेला तर एका चित्रात अख्खा एकर येतो, पण बिबट्या २५ पिक्सेलचा होतो. मग तो बिबट्या, कुत्रा की वासरू, हे ठरवणं अवघड. म्हणजे रान जास्त बघायचं की नीट बघायचं, यातलं काहीतरी एकच पदरात पडतं.

कॅमेरा कुठे हरतो

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. कारण "ड्रोन आलाय, आता बिबट्या नाही" असं ऐकून कोणी निर्धास्त झालं तर ते वाईट.

एक, ऊस. पान डोळ्यांना पातळ वाटलं तरी ८ ते १४ मायक्रॉनच्या किरणांना ते अपारदर्शक आहे. वाढलेल्या उसाची पानं वर एकमेकांत मिसळतात, खाली बिबट्या निवांत बसलेला असतो आणि ड्रोनला दिसतात फक्त पानं. तो बांध ओलांडेल, सरीच्या तोंडाशी येईल किंवा फटीत सापडेल तेव्हाच दिसतो. पडद्यावर काही दिसलं नाही, याचा अर्थ शेत मोकळं आहे असा होत नाही.

दोन, दुपार. उन्हात माती, दगड, पत्रा तापून ४०-५० अंशांवर जातात, तेव्हा बिबट्या उलट जमिनीपेक्षा थंड दिसतो. सकाळी जमीन तापताना आणि संध्याकाळी निवताना, असं दिवसातून दोनदा तिचं आणि जनावराचं तापमान सारखंच होतं. त्या वेळी कॅमेऱ्याला दोघांत फरक करता येत नाही. पहाटेची वेळ सर्वांत चांगली. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे फेकत राहते आणि पहाटेपर्यंत थंडगार पडते, म्हणून तर उघड्या रानात दव पडतं आणि झाडाखाली कमी पडतं. ढग आले की तेच अवरक्त किरण ढगातून परत खाली येतात, रात्र उबदार होते आणि पडद्यावरचा फरकही कमी होतो.

तीन, पावसाळा. हवेतली वाफ, धुकं, पाऊस या सगळ्यांनी चित्र पुसट होतं.

चार, चकचकीत वस्तू. केस, पानं, माती, पाणी या वस्तू अवरक्त चांगल्या सोडतात. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा स्टील मात्र अगदी थोडं सोडतं आणि आजूबाजूचं परावर्तित करतं. २०२० साली दारोदारी कपाळावर धरलेल्या तापाच्या बंदुका आठवतात ना? तशी बंदूक घ्या, स्टीलच्या तांब्यात उकळतं पाणी घालून बाहेरून धरा. तांब्या थंड असल्याचं सांगेल! मग तांब्यावर वायरला लावायची काळी चिकटपट्टी चिकटवा, थोडा वेळ थांबा आणि पट्टीवर धरा. आकडा एकदम वर जाईल. तांब्या तोच, पाणी तेच. प्रयोग दोन मिनिटांचा आहे, पण यंत्राचा आकडा डोळे मिटून घ्यायचा नसतो, हे कायमचं लक्षात राहतं.

गोठ्यावरचा भोंगा

सुट्टी संपल्यावर आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून गोठ्यासाठी भोंगा करायचं ठरवलं. बाजारात पीआयआर सेन्सर मिळतो, आपोआप लागणाऱ्या दिव्यांत असतो तोच. यात दोन तुकडे शेजारी शेजारी असतात, तापमान बदललं की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो. दोन्हींवर सारखी ऊब पडली तर वजाबाकी शून्य. ऊब एकीकडून दुसरीकडे सरकली की इशारा. वरची पांढरी खवल्यांची प्लास्टिकची टोपी म्हणजे फ्रेनेल भिंग, ती समोरच्या जागेच्या पाकळ्या पाडते.

प्रयोगशाळेत झकास चाललं. गोठ्यात नेल्यावर सेन्सरने आमची परीक्षा घेतली. म्हैस हलली की भोंगा, कुत्रं गेलं की भोंगा, दुपारी गरम वाऱ्याची झुळूक आली की भोंगा. तिसऱ्या दिवशी आजीने वायरच काढून ठेवली. तिचं म्हणणं, "सारखंच वरडतंय, मग खरंच आला तर कोण उठणार?" मित्रांनो, खोट्या इशाऱ्यांबद्दल मी पुस्तकात जे वाचलं होतं ते सगळं या एका वाक्यात आलं. आम्ही मग सेन्सर गोठ्याकडून बाहेर वळवला, कुत्र्याच्या उंचीचा भाग पट्टीने झाकला, दोन सेन्सर लावून दोन्हींनी सांगितलं तरच भोंगा असं केलं. अजून तो परिपूर्ण नाही, पण आजीने वायर परत लावू दिली, हेच आमचे मार्क.

हाच सेन्सर जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये असतो. ऊब हलली की तो कॅमेरा जागा करतो आणि रात्री अवरक्त एलईडी लावून फोटो काढतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागातल्या शेतीच्या मुलखात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जिथे जंगल नाही, फक्त शेतं आणि वस्त्या आहेत, तिथे दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ मोठे बिबटे निघाले. म्हणजे उसातला बिबट्या हा वाट चुकलेला पाहुणा नसून तिथलाच रहिवासी आहे, हे आपल्याला न दिसणाऱ्या उजेडाने दाखवून दिलं.

एक गोष्ट तर फार सुंदर आहे. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. जुन्नर वनविभागाची माणसं आणि प्राण्यांचे डॉक्टर ती पिल्लं तपासून त्याच जागी रात्री खोक्यात ठेवतात आणि लांबून कॅमेरा लावतात. ९४० नॅनोमीटरचा उजेड बिबट्याला जवळपास जाणवत नाही. मादी येते, वास घेते, पिल्लाला मानेला धरून उचलते आणि निघून जाते. ती पिल्लांच्या शोधात वस्त्यांभोवती बिथरून फिरत राहिली असती, तो धोका टळतो. काकांना मी असा एक व्हिडिओ दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईच ती."

गावापासून आकाशगंगेपर्यंत

अवरक्ताची नोकरी फक्त बिबट्यापुरती नाही. काही उदाहरणं थोडक्यात देतो.

विजेच्या पेटीतला सैल जोड घ्या. जोडाचा रोध फक्त १० मिलिओहम आणि प्रवाह ६० अँपिअर असेल, तर तिथे ३६ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग गनएवढी, आणि तीही नखाएवढ्या जागेत. जोड जळण्याआधी कित्येक दिवस तो थर्मल कॅमेऱ्यात पांढरा फटक दिसतो. म्हणून कारखान्यांत पॅनेलची अशी तपासणी यंत्र चालू ठेवूनच करतात.

दवाखान्यात बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त असे दोन उजेड बोटातून पाठवतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्या प्रमाणावरून टक्केवारी निघते.

टीव्हीवर रात्रीही ढग दिसतात ते कसे? इस्रोच्या इन्सॅट-३डी (२०१३), ३डीआर (२०१६) आणि ३डीएस (२०२४) या उपग्रहांच्या कॅमेऱ्यांत १०.८ आणि १२ मायक्रॉनच्या आसपासचे पट्टे आहेत. उंच ढगाचा माथा थंड, म्हणून तो वेगळा उठून दिसतो. जितका थंड माथा तितका उंच ढग. वादळी पावसाचा अंदाज बांधताना याचा मोठा आधार असतो.

आणि आकाश. शिरूरच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला 'टिरकॅम-२' हा अवरक्त कॅमेरा या दुर्बिणीवर लावून तपासला गेला. तो १ ते ३.७ मायक्रॉनमध्ये बघतो. त्याचा एक मुख्य हेतू होता अवकाशातल्या धुळीतले काही कार्बनी रेणू शोधणं, जे ३.३ मायक्रॉनला चमकतात. याच कुळातले रेणू आपल्या चुलीच्या धुरात आणि काजळीत असतात! हा कॅमेरा यंत्राने सतत गार ठेवावा लागतो. का? कारण कॅमेरा गरम असला तर तो स्वतःच अवरक्तात चमकणार. दिव्याने दिवा बघण्यासारखं ते होईल. जरा लांब तरंगलांबीचे किरण तर हवा खाली पोचूच देत नाही. म्हणून याच संस्थेने एक मीटरची दुर्बीण मोठ्या फुग्याला बांधून हैदराबादहून कित्येक किलोमीटर वर पाठवली. २०२१च्या डिसेंबरमध्ये सुटलेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर लांब, सावलीचा पडदा धरून थंडीत बसलीय, तीही याच कारणाने.

काकांचं उत्तर

दिवाळीनंतर पुन्हा गावी गेलो तेव्हा हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग मी काय करू?"

खरं सांगायचं तर थर्मल कॅमेरा त्यांना परवडणारा नाही. ड्रोन रोज रात्री प्रत्येकाच्या फडावर येणार नाही, आणि आला तरी पानांखालचं त्याला दिसणार नाही. म्हणून मी जे सांगितलं त्यात विज्ञान कमी आणि शहाणपण जास्त होतं. एकट्याने जायचं नाही. बोलत, मोबाईलवर गाणी लावून जायचं. काठी आणि बॅटरी हवीच. बांधावर वाकून, उकिडवं बसायचं नाही. लहान मुलांना अंधार पडल्यावर बाहेर एकटं सोडायचं नाही. गोठा रात्री नीट बंद. ठसे दिसले की वनविभागाला कळवायचं.

आणि खरा उपाय अवरक्तात नाही, साध्या दिसणाऱ्या उजेडात आहे. शेतीला दिवसा वीज मिळाली तर माणूस आणि बिबट्या एकाच वेळी एकाच सरीत येणार नाहीत. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यामागची कल्पना दिवसा वीज देण्याचीच आहे. ती प्रत्येक फिडरपर्यंत नीट पोचवणं, सौर पॅनेलमधला तापलेला खराब सेल थर्मल कॅमेऱ्याने शोधून काढणं, ही कामं उद्या आपल्यापैकीच कोणीतरी करणार आहे.

त्या रात्री आम्ही परत पाणी धरायला गेलो. मी आमचा भोंगा मोटरीच्या खोपीवर लावला होता. काकांनी बॅटरी मारली, पहिल्या दोन सऱ्या दिसल्या, पुढे काळोख. पण या वेळी काका म्हणाले, "काळोख नाय म्हणायचा आता. आपल्याला दिसत नाही एवढंच." मग त्यांनी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावली आणि आम्ही गप्पा मारत पाणी धरलं.

वाचकहो, रिमोटचा आणि तांब्याचा प्रयोग मात्र आजच करून बघा. आणि तुमच्या घरचं कोणी रात्री रानात जात असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.